घरच्या पहारेकऱ्याने घरचीच वाट अडविली तर?

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गडावर दूध घालावयास आलेल्या या गवळणीला परतावयास उशीर झाला, सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झाले आणि पहारेकऱ्यांनी आज्ञेप्रमाणे ते उघडण्याचे नाकारले. तेव्हा तान्ह्या बाळाच्या ओढीने ती माता काळोखात कडा उतरून घरी गेली. पुढे शिवछत्रपतींनी तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली त्या ठिकाणी बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते. या कथेत मातृप्रेमाचे दर्शन घडते, हे तर खरेच. परंतु पहाऱ्याचेही एक मर्म तीत दडलेले आहे. पहारेकऱ्याने शत्रूला अडवावयाचे, पण त्याच नियमाने कधीकधी घरचेच माणूस अडते. अशा वेळी दरवाजा मोडून टाकणे हा उपाय नव्हे, आणि कडा उतरणे हाही नव्हे.

वाचकहो, आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक आहे, आणि त्याच्या रक्षणासाठी ‘फायरवॉल’ नावाची आज्ञावली बसविण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. सल्ला योग्यच आहे. परंतु ही आज्ञावली बसविल्यावर दुसऱ्याच दिवशी इंटरनेट अजिबात बंद पडल्याचा अनुभव अनेकांना येतो. असे का होते, कोणत्या क्रमाने दोष शोधावा, आणि त्या गोंधळात आपल्या हातून कोणती घोडचूक होऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका घरातील सकाळ

इंदूर येथील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी घडलेला प्रसंग प्रथम सांगतो. नातीच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. आदल्या रात्री आजोबांनी मोठ्या उत्साहाने एक नवी फायरवॉल संगणकावर बसविली. पडद्यावर प्रश्न उमटू लागले : अमुक कार्यक्रम बाहेर जाऊ पाहत आहे, जाऊ द्यावे काय? आजोबा सावध गृहस्थ. जे नाव ओळखीचे नव्हते त्याला त्यांनी ‘नाही’ म्हटले, आणि ‘हे उत्तर कायम लक्षात ठेवा’ या चौकटीतही खूण केली. मग यंत्र बंद करून ते निश्चिंत मनाने झोपले.

सकाळी पाहतात तो इंटरनेट नाही. नात रडकुंडीस आली. आजोबांनी भ्रमणध्वनीवरून त्या आज्ञावलीच्या ग्राहक-सेवेचा क्रमांक शोधला आणि जो पहिला सापडला तो लावला. पलीकडचा इसम अतिशय गोड बोलत होता. “आजोबा, काळजी करू नका. एक लहानसे ॲप फोनवर घ्या, म्हणजे तुमचा पडदा मला येथून दिसेल. बँकेतून फक्त दहा रुपये भरा, नोंदणी होईल.” एवढ्यात नात धावत आली आणि तिने फोन हातातून काढून घेऊन बंद केला. तो क्रमांक कोणत्याही कंपनीचा नव्हता. अडचणीत सापडलेल्या माणसांची वाट पाहत बसलेल्या ठकांचा होता. आजोबांची जन्माची पुंजी त्या दिवशी केवळ क्षणभराच्या अंतराने वाचली.

मूळ दोष काय होता, तो पुढे कळेलच. तो दूर करावयास पुरती दहा मिनिटेही लागली नाहीत.

फायरवॉल म्हणजे काय?

दोन इमारतींच्या मध्ये, एकीस लागलेली आग दुसरीस पोहोचू नये म्हणून, जी जाड भिंत बांधतात तिला इंग्रजीत फायरवॉल म्हणतात. संगणकशास्त्राने तेथून हा शब्द उसना घेतला. परंतु संगणकावरील फायरवॉल ही निरी भिंत नव्हे; ती दिंडी दरवाजा असलेली भिंत आहे, आणि त्या दिंडीशी नियमांची वही घेऊन एक देवडीवाला बसलेला आहे.

इंटरनेटवरील सर्व मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून पाठविला जातो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा अंकांतील पत्ता असतो आणि ‘पोर्ट’ नावाचा एक क्रमांकही असतो. टपाल कचेरीत तिकिटांची खिडकी निराळी आणि मनिऑर्डरची निराळी, तसाच हा प्रकार. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ क्रमांकाचे पोर्ट, नावावरून पत्ता विचारण्यासाठी ५३ क्रमांकाचे, आणि घरातील राउटरकडून आपल्या यंत्राला पत्ता मिळविण्यासाठी ६७ व ६८ क्रमांकांची पोर्टे वापरली जातात. पाकीट कोठून आले, कोठे चालले, कोणत्या खिडकीशी त्याचे काम आहे आणि कोणत्या कार्यक्रमाने ते पाठविले, हे पाहून देवडीवाला त्याला सोडतो किंवा अडवितो.

या पहाऱ्याची निकड जगाला प्रथम तीव्रतेने जाणवली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी कार्यक्रम त्या रात्री जाळ्यावर पसरला आणि, तत्कालीन अंदाजानुसार, सुमारे ६,००० संगणक त्याने निकामी केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या अशाच एका कार्यक्रमाने विंडोज प्रणालीवरील असंख्य संगणक हैराण केले. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासूनच फायरवॉल होती. परंतु ती आपोआप चालू नसे. २००४ सालच्या सुधारणेपासून ती आरंभापासूनच चालू ठेवण्यात येऊ लागली. तात्पर्य, आज विंडोजच्या प्रत्येक यंत्रात एक पहारेकरी मुळातच आहे. आपण विकत वा फुकट आणतो तो दुसरा होय. आणि एका दिंडीवर दोन देवडीवाले बसले, की वादाला तोंड फुटण्याचा संभव असतोच.

शहाण्या पहारेकऱ्यांचीही चूक

असा दोष केवळ नवशिक्यांच्याच वाट्याला येतो, असे मात्र कोणी समजू नये. २००८ साली डॅन कामिन्स्की या अमेरिकन तज्ज्ञाला इंटरनेटच्या नाव-पत्ता पद्धतीत एक गंभीर दोष आढळला. नावावरून पत्ता विचारणाऱ्या यंत्राला खोटे उत्तर देऊन भलत्याच ठिकाणी नेणे त्या दोषामुळे सोपे होत होते. अनेक कंपन्यांनी गुप्तपणे एकत्र येऊन उपाय तयार केला आणि ८ जुलै २००८ रोजी तो एकाच वेळी प्रसिद्ध केला. प्रत्येक प्रश्न कोणत्या पोर्टवरून विचारला जाईल याचा अंदाज परक्याला बांधता येऊ नये, म्हणून ते पोर्ट दर वेळी यदृच्छया निवडावयाचे, असे त्या उपायाचे स्वरूप होते.

मायक्रोसॉफ्टची ही सुधारणा ज्या यंत्रांनी स्वीकारली, त्यांपैकी ‘झोनअलार्म’ ही लोकप्रिय फायरवॉल असलेल्या कित्येक यंत्रांचे इंटरनेट एकाएकी बंद पडले. पहारेकरी जुना आणि चालरीत नवी. दोघांची ओळख पटेना! फायरवॉलच्या निर्मात्यांनी पहाऱ्याची कडक पातळी तात्पुरती मध्यम करावयास सांगितले आणि लवकरच सुधारलेली आवृत्ती दिली. विंडोजची नवी सुधारणा काढून टाकणे हाही एक तात्पुरता मार्ग होता. परंतु ज्यांनी तो पत्करला, त्यांनी इंटरनेट मिळविण्यासाठी तोच जुना धोका पुन्हा घरात घेतला. दोन्ही आज्ञावल्या अद्ययावत करणे हाच खरा मार्ग होता, आणि आजही तोच आहे.

दोष शोधण्याचा क्रम

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी औषध देत नाही. आपणही प्रथम एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे : नवी आज्ञावली केव्हा बसविली, त्यानंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले काय, पडद्यावर कोणती सूचना उमटली. पुढील प्रत्येक कृती व तिचे फळ याच कागदावर टिपत जावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणत्या औषधाने आला हे कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न असा की, दोष या यंत्रात आहे की घराबाहेर? भ्रमणध्वनी त्याच राउटरच्या वाय-फायला जोडावा. मात्र त्याची स्वतःची मोबाइल डेटा सेवा आधी बंद करावी. हे विसरल्यास फोन आपल्या वाटेने इंटरनेट आणतो आणि आपली दिशाभूल होते. फोनवरही संकेतस्थळ उघडले नाही, तर बिचाऱ्या फायरवॉलला दोष देऊ नये; राउटर किंवा सेवा पुरविणारा यांच्याकडे पाहावे. फोनवर उघडले, तर दोष संगणकातच आहे.

दुसरा प्रश्न : आपल्या यंत्राला पत्ता मिळाला आहे काय? ‘कमांड प्रॉम्प्ट’ची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. घरगुती जाळ्यात पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. तो जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरशी बोलणेच झालेले नाही आणि यंत्राने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता धारण केला आहे, असे समजावे. दोष फायरवॉलचा असल्यास ६७ व ६८ क्रमांकांच्या खिडक्या अडल्याचे हे लक्षण होय.

तिसरा प्रश्न : हाक कोठवर पोहोचते? यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. ती दिलेल्या पत्त्याला हाक मारते आणि ओ आली की नाही, ते सांगते. प्रथम १२७.०.०.१ या पत्त्याला हाक मारावी. हा पत्ता म्हणजे आपलेच यंत्र. नंतर राउटरला, त्याचा पत्ता आयपीकॉन्फिगच्या उत्तरात ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे दिलेला असतो. नंतर बाहेरच्या एखाद्या परिचित पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. शेवटी अंकांऐवजी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. अंकांना ओ मिळते आणि नावाला मिळत नाही, असे झाले, तर नावावरून पत्ता विचारण्याची ५३ क्रमांकाची वाट अडली आहे असे धरावयास हरकत नाही. तथापि एक सावधगिरी बाळगावी : काही फायरवॉली पिंगची हाकच अडवितात, आणि काही संकेतस्थळे तिला उत्तर देत नाहीत. म्हणून ओ आली तर वाट मोकळी हे निश्चित. ओ न आली तर वाट बंदच आहे, असे मात्र निश्चित नव्हे.

चौथा प्रश्न : सर्वच कार्यक्रम अडले आहेत की एकच? एक ब्राउझर चालतो आणि दुसरा चालत नाही, असे दिसले तर बहुधा त्या एका कार्यक्रमावरच बंदी बसली आहे. फायरवॉलच्या कार्यक्रम-सूचीत त्याचे नाव शोधून अनुमती द्यावी, म्हणजे काम झाले.

दरवाजा किलकिला करून पाहणे

एवढ्याने उलगडा न झाल्यास फायरवॉल तात्पुरती बंद करून पाहावी. ही परीक्षा घरच्या राउटरमागे, दोन-चार मिनिटांपुरती आणि एखादे विश्वासाचे संकेतस्थळ उघडण्यापुरतीच करावी. रेल्वे स्थानक, उपाहारगृह किंवा वसतिगृह यांच्या सार्वजनिक जाळ्यावर ती कदापि करू नये.

इंटरनेट परत आले, तर दोष नियमांच्या वहीत आहे. फायरवॉल लगेच पुन्हा चालू करावी आणि वही तपासावी. कोणते पाकीट का अडविले याची नोंद बहुतेक फायरवॉली ठेवतात. ती वाचणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. घरचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले असल्यास ते ‘खाजगी’ करावे. विशेषतः घरातीलच मुद्रणयंत्र किंवा दुसरा संगणक दिसेनासा झाला असेल, तर हेच कारण असण्याचा संभव अधिक. वहीतील गुंता सुटेनासाच झाला, तर सर्व नियम पुसून आरंभीची मांडणी परत आणण्याची सोय असते, तिचा लाभ घ्यावा. व्हीपीएन सारखी आज्ञावली यंत्रात असेल तर तिचीही चौकशी करावी. स्वतःची जोडणी तुटताच सर्व इंटरनेट बंद करण्याची योजना काहींच्या ठायी असते.

इंदूरच्या त्या घरी नेमका दोष वहीतच निघाला. आजोबांनी ज्या अनोळखी नावाला कायमचे ‘नाही’ म्हटले होते, ते होते ‘सर्व्हिस होस्ट’. नाव परके, पण तो विंडोजचाच घरगडी. राउटरकडून पत्ता आणणे, नावावरून पत्ता विचारणे, ही कामे त्याच्याच आश्रयाने चालतात. त्याला अडविल्यामुळे यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. सूचीतील बंदी उठविली, यंत्र पुन्हा सुरू केले आणि दुपारी नातीचा अर्ज रवाना झाला. आजोबांची चूक निष्काळजीपणाची नव्हती, अतिसावधपणाची होती. घरचा कोण आणि परका कोण, ही ओळख पहारेकऱ्याच्या धन्यालाच नव्हती. अनोळखी नाव दिसताच ‘कायम’ची खूण न करता त्या वेळेपुरतेच उत्तर द्यावे, आणि नावाची माहिती काढल्यावर मगच पक्का निर्णय करावा, हा धडा त्या घराने घेतला.

पहारेकरी गेला, पण कुंपण उरले

फायरवॉल बंद करूनही इंटरनेट आले नाही, तर दोष अधिक खोल आहे. या आज्ञावल्या विंडोजच्या जाळेविषयक यंत्रणेत आपली एक गाळणी बसवितात. वरची खिडकी बंद केली तरी गाळणी कित्येकदा तशीच राहते. किंबहुना संपूर्ण आज्ञावली काढून टाकल्यावरही ती अर्धवट मागे उरल्याचे आढळते, आणि मग पाकिटांना ना सोडणारा कोणी, ना अडविणारा.

अशा वेळी सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या विभागातून नवी फायरवॉल रीतसर काढावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. नुसती तिची फाइल पुसून टाकणे हे काढणे नव्हे. अनेक निर्माते उरलेसुरले अंश साफ करणारे निराळे साधन देतात. ते दुसऱ्या संगणकावरून, निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे आणि पेनड्राइव्हने आणावे. तेही निष्फळ झाल्यास व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा द्यावी व यंत्र पुन्हा सुरू करावे. अखेरचा उपाय म्हणजे विंडोज ११ च्या सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात, ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ येथे असलेला ‘नेटवर्क रीसेट’. याने जाळ्याची सर्व मांडणी मुळापासून नवी होते, आणि साठविलेले वाय-फायचे परवलीचे शब्दही पुसले जातात. म्हणून ते आधी कागदावर उतरून ठेवावे.

हे सारे झाल्यावर एक गोष्ट विसरू नये : बाहेरची फायरवॉल काढली, म्हणजे विंडोजची मूळ फायरवॉल पुन्हा चालू झाली आहे काय, हे ‘विंडोज सिक्युरिटी’त डोळ्यांनी पाहावे. सामान्य कुटुंबाला घरच्या वापरासाठी ती एकटीही बहुधा पुरेशी असते.

खरा धोका कोठे आहे?

वाचकहो, इंटरनेट तासभर बंद पडणे ही गैरसोय आहे, संकट नव्हे. संकट येते ते गैरसोयीने उतावीळ झालेल्या मनाच्या वाटेने. कोणी वैतागून सर्व फायरवॉली कायमच्या बंद करतो आणि आठवडे लोटले तरी त्या चालू करावयाच्या राहूनच जातात. तो दरवाजा मोडणारा. कोणी हाती लागेल त्या क्रमांकावर फोन करून परक्या माणसाला आपला पडदा दाखवितो. तो अंधारात कडा उतरणारा. हिरकणी सुखरूप उतरली म्हणून तिची कथा झाली. सर्वांचेच पाऊल तसे स्थिर पडेल असा भरवसा नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. साहाय्याचा क्रमांक शोधयंत्रातून न घेता आज्ञावलीच्या पावतीवरून किंवा निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. सांगणारा कितीही गोड बोलो, त्याच्या सांगण्यावरून पडदा दाखविणारे ॲप घेऊ नये, आणि ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांतच पैसे अडविले जाण्याचा संभव अधिक असतो. केंद्र शासनाची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून संगणक-सुरक्षेचे काम पाहत आहे, आणि तिच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून नागरिकांसाठी यंत्र निर्जंतुक करण्याची साधने विनामूल्य ठेवली आहेत.

आणि शेवटचे पथ्य सर्वांत सोपे. नवी फायरवॉल बसविण्यापूर्वी विंडोजचा ‘रीस्टोअर पॉइंट’ तयार करावा, म्हणजे प्रसंगी यंत्राला कालच्या मांडणीकडे परत नेता येते. बसविल्यावर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे आणि सर्व काही चालते याची खात्री झाल्यावाचून निजावयास जाऊ नये. अर्जाच्या, परीक्षेच्या किंवा पैसे भरण्याच्या अखेरच्या दिवसाच्या आदल्या रात्री तर हा उद्योग मुळीच आरंभू नये. पहारा असावा, जागता असावा. पण घरच्या माणसांची ओळख त्याला आधी करून द्यावी, म्हणजे कोणावर रात्रीच्या अंधारात कडा उतरण्याची पाळी येणार नाही.